दुरुस्त झालेली चाल

उद्यासाहेबांच्या कंपनीत व्हिडिओ गेम बनत असत. पूर्ण झालेला खेळ मात्र अजून कोणी पाहिला नव्हता. खेळ संपत आला की बाजारात नवं फ्रेमवर्क यायचं. फ्रेमवर्क म्हणजे खेळ ज्याच्यावर उभा राहतो ती तयार चौकट. पडणं, धावणं, सावल्या, पाऊस सगळं तीच सांभाळते, आपण फक्त गोष्ट घेऊन जायचं. अशी नवी चौकट आली की साहेब खुर्चीतून उठून म्हणायचे, "आता हे शेवटचं." ते नेहमीच शेवटचं असायचं.

यंदाचं तर फारच गुणी होतं. "एकदाच बनवायचा," साहेब म्हणाले, "कॉम्प्युटरवरही चालेल, टीव्हीला जोडायच्या कन्सोलवरही चालेल."

"मागच्या वेळीही चालणार होता," चित्रकार म्हणाला. "अजून रांगतोय."

साहेब हसले. त्यांना राग येत नसे; रागासाठी कुठेतरी थांबावं लागतं.

खेळ खरं तर ताईचा होता. ऑफिसात प्रोग्रामिंगचा सगळा भार तिच्यावर, म्हणून सगळे तिला ताई म्हणत, साहेबसुद्धा. अंधारात बुडालेलं एक गाव, आणि खांबाखांबावरचे दिवे लावत जाणारा एक म्हातारा वायरमन. त्याच्यामागून खेळणाऱ्याने चालायचं. बस्स, एवढाच खेळ. ना मारामारी, ना राक्षस. आणि तो वायरमन म्हणजे ताईचे बाबा.

बाबांनी उभं आयुष्य विजेच्या खांबांवर काढलं. एकदा खांबानेच त्यांना सोडलं. तेव्हापासून त्यांचा डावा पाय नको असलेल्या पाहुण्यासारखा यायचा, उशिरा आणि कुरकुरत. शिवाय एक खोड होती. चार पावलं टाकली की थांबायचं, वर तारेकडे बघायचं, "हं" करायचं आणि पुढे निघायचं. आई म्हणायची, "यांच्याबरोबर भाजी आणायला जाणं म्हणजे विजेच्या खात्याची पाहणी."

ताईने त्यांच्या अंगाला हालचाल टिपणारे पट्टे बांधून त्यांची चाल कॉम्प्युटरमध्ये उतरवली होती. "म्हातारपणी सर्कशीत घालतेस का गं मला?" असं म्हणत बाबा ऑफिसच्या मोकळ्या खोलीत दुपारभर चालले. तिथे तारा नव्हत्या. बाबा छताकडे बघून "हं" करत राहिले.

पुढे त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. आता ते चाकांच्या खुर्चीत असतात. घरच्या व्हिडिओंत त्यांची चाल सापडत नाही, कारण फोन धरून उभे राहणारे कायम तेच. जगात ती चाल एकाच ठिकाणी उरली होती, ताईच्या खेळात.

तो खेळ नव्या फ्रेमवर्कमध्ये न्यायचा, तर ते प्रत्येक वस्तूपाशी अडून अदबीने विचारू लागलं. "या दारात दोष आढळला. दुरुस्त करू?" "या सावलीत दोष आढळला. दुरुस्त करू?" प्रश्न संपेनात. असल्या प्रश्नांना त्या ऑफिसात पिढीजात उत्तर होतं, ते म्हणजे 'सगळ्यांना हो' हे बटण. साहेब मागे उभे राहून म्हणाले, "दाबा ताई, ते आपल्या भल्याचंच विचारतंय." ताईने दाबलं.

जेवणानंतर वायरमन चालू लागला. ताठ मानेने, दोन्ही पाय सारखे उचलत, कवायतीला निघाल्यासारखा. थांबला नाही. वर बघितलं नाही. खांबामागून खांब उजळत सुटला.

"वा!" साहेब म्हणाले. "तरुण झाला."

चित्रकाराने ताईकडे बघितलं आणि चहा आणायला गेला. त्याला चहा नको होता.

जुनी प्रत होती, पण ती फक्त जुन्या फ्रेमवर्कमध्ये उघडायची. जुनं फ्रेमवर्क उघडताना ते बनवणाऱ्या कंपनीची परवानगी मागायचं, आणि ती कंपनी बंद पडली होती. कुलूप शाबूत, किल्लीवाला परागंदा.

ताईने नव्या फ्रेमवर्कवाल्यांना कळवलं, की लंगडणं परत हवं आहे. त्यांचं उत्तर आलं आणि ते फार प्रेमळ होतं. ही चूक नसून सुविधा आहे. एकदा दुरुस्त केलेला दोष परत आणता येत नाही, कारण अशी मागणी आजवर कोणी केलेली नाही. तरी ग्राहकाच्या समाधानासाठी लंगडण्याचे सात तयार प्रकार सोबत पाठवत आहोत.

"सोमवारी खेळ पाठवायचाय," साहेब म्हणाले. "तोवर जी चाल असेल ती जाईल. आणि खरं सांगू का ताई? खेळणाऱ्याला काय कळतंय?"

ते खरंच होतं.

ताई कॉम्प्युटर घेऊन घरी गेली आणि बाबांसमोर मांडला.

"हा कोण?" बाबांनी विचारलं.

"तुम्हीच."

"अरे वा, बरा झालो की मी! डॉक्टरला दाखव हे. म्हणावं, गोळ्या बंद करा."

तिने तयार प्रकारांतलं एक लंगडणं लावलं.

"आता सोंग करतोय मेला. साहेबाकडे रजा मागायला निघालाय."

दुसरं लावलं.

"हा तर प्यायलाय." मग बाबा म्हणाले, "अगं, एवढं काय अवघड आहे त्यात? थांब, दाखवतो."

त्यांनी खुर्चीचा हात धरला. खांदे वर गेले. तेवढेच गेले. ताई टेबलाखाली वाकून एक वायर शोधू लागली, जी हरवली नव्हती.

ती वर आली तेव्हा बाबांच्या उजव्या हाताची दोन बोटं टेबलावर उभी होती. एक बोट पुढे पडलं, दुसरं त्याच्यामागून कुरकुरत आलं. चार पावलं. थांबा. बोटांना वर बघता येईना, म्हणून बाबांनी स्वतःच दिव्याकडे बघितलं. "हं."

ती तीच चाल होती. अगदी तीच.

नव्या फ्रेमवर्कची मोठी फुशारकी अशी, की पट्टे नकोत, साध्या कॅमेऱ्यातून ते कोणाचीही चाल उचलतं. ताईने घाईघाईने कॅमेरा लावला. "बाबा, परत एकदा." बाबा निघाले. गोळ्यांच्या डबीला वळसा घालून, थांबत, वर बघत, टेबलाच्या टोकापर्यंत गेले. पडद्यावर एक चक्र बराच वेळ फिरत राहिलं. मग अक्षरं उमटली: 'माणूस सापडला नाही. कृपया कॅमेऱ्यासमोर माणूस उभा करा.'

बाबांचा चष्मा आतल्या खोलीत होता. "काय म्हणतंय?"

"म्हणतंय, उभे राहा."

"सांग त्याला," बाबा म्हणाले, "आम्ही काय वेगळं म्हणतोय?"

खाली एकच बटण होतं, 'बरं'. ताईचा हात तिथवर गेला आणि तिथेच राहिला. बाबांना वाटलं कॅमेरा चालूच आहे. त्यांनी बोटं वळवली आणि त्याच वाटेने परत निघाले.