काशीनाथच्या गॅरेजातली मिस्त्री

काशीनाथला कान होता. म्हणजे कान सगळ्यांनाच असतात, पण काशीनाथचा कान वरसाव्यापासून भाईंदरपर्यंत नावाजलेला. लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक चालू इंजिनाला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, डोळे मिटायचे आणि दोन मिनिटांत निकाल सांगायचा. रिक्षावाले त्याला डॉक्टर म्हणत, आणि तोही नको नको म्हणत ते ऐकून घेई.

दोन हजार सहा साल उजाडेपर्यंत नव्या गाड्यांनी या कानाची पंचाईत करून ठेवली. या गाड्या आजारी पडल्या तरी खोकत नसत. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लावून गप्प बसत. काय दुखतंय ते गाडीतल्या कॉम्प्युटरलाच विचारावं लागे, आणि तो एक कोड सांगे. तो कोड वाचणारं यंत्र म्हणजे स्कॅनर. काशिमिऱ्याच्या त्या गॅरेजात स्कॅनर होता. तो वापरणारी मुलगीही होती. फक्त तिच्या हातात गाडी देणारं कोणी नव्हतं.

निशिगंधा ही काशीनाथची थोरली. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा फर्स्ट क्लासमध्ये केलेली, चार शनिवार लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार पालथा घालून जुना पण चालता स्कॅनर शोधून आणलेली. गिऱ्हाईक यायचं, तिच्याकडे बघायचं आणि विचारायचं, "पप्पा कुठेयत?" वर्षभर हे ऐकून ती विटली. अंधेरीच्या एका विमा ऑफिसात तिला नोकरी लागली होती, सोमवारी हजर व्हायचं होतं. आई खूश होती. काशीनाथ खूश असल्याचं दाखवत होता, आणि त्याला ते अजिबात जमत नव्हतं. पोरीनं गॅरेजातच राहावं असं त्याला मनापासून वाटत होतं. पण जिला कोणी गाडी देत नाही, तिला थांब म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं?

गुरुवारी दुपारी उत्तनचा दशरथ आपली पांढरी गाडी घेऊन आला. सोबत बायको, मंदा. ती भाईंदरच्या बाजारात मासळी विकायची आणि दशरथ तिला रोज सकाळी गाडीनं सोडायचा. गाडी मध्येच गचके देई आणि पिवळा दिवा लागे. दोन गॅरेजांत दाखवून झालं होतं. दोन्हीकडे तोच कोड निघाला, दोन्हीकडे तोच थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा, सेन्सर नवा बसवला, आणि आठवड्याच्या आत दिवा पुन्हा हजर.

निशिगंधा स्कॅनर घेऊन पुढे झाली. दशरथ गाडीच्या दारासमोर आडवा उभा राहिला.

"दादा, तुमी बगा ना. पोरीच्या हाती गाडी न्हाय देनार मी."

वर्षभर असं कोणी म्हटलं की काशीनाथ गुमान उठायचा आणि बॉनेट उघडायचा. गिऱ्हाईक दुखावू नये म्हणून आपण रोज पोरीला दुखवत आलो, हे त्याला आत्ता, तीन दिवस उरल्यावर, कळत होतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"मग गाडी परत न्या," तो म्हणाला. "कॉम्प्युटरची गाडी इथे तीच बघते."

दशरथ दारासमोरून हलेना. मंदानं त्याला कोपरानं बाजूला सारलं.

"बगू दे की. दोगा बाप्यांनी बगून काय दिवे लावले?"

निशिगंधानं स्टीअरिंगखालच्या खोबणीत स्कॅनरची पिन खोचली. कोड आला. तोच, थ्रॉटलच्या सेन्सरचा. दशरथनं काशीनाथकडे असं पाहिलं, की बघा, मी म्हटलं नव्हतं?

काशीनाथच्या डोक्यात निदान तयार होतं. गचके म्हणजे पेट्रोलच्या फिल्टरमध्ये कचरा. त्याची पैज होती. पण तो जिभेला आवर घालून स्टुलावर बसून राहिला. पोरगी फिल्टरकडे ढुंकून बघेना. ती पडद्यावरचा सेन्सरचा आकडा बघत बसली. इंजिन रेझ केलं, आकडा सरळ चढला, सरळ उतरला. काहीच बिघाड नाही. 'फिल्टर, बाई, फिल्टर,' काशीनाथ मनात ओरडत होता. एवढं गप्प तो आयुष्यात कधी बसला नव्हता.

निशिगंधा खाली उतरली. "काका, गचके नेमके कधी येतात?"

"बाजाराला जाताना. येताना न्हाय. रविवारी पोरांना फिरवतो, तवाबी न्हाय."

"जाताना कोण कुठे बसतं?"

"ही काय पोलीस चौकी हाय?" दशरथ वैतागला.

मंदा मात्र सांगू लागली. "मी पुढं बसते, मासळीची पाटी पायाशी. मावऱ्याची पाटी नजरेआड करायची न्हाय, सासूनं तसंच शिकवलंय. येताना रिकामी पाटी मागं टाकते."

"मग बसा तशाच. पाटी घेऊन."

मंदानं मागची पाटी काढली, पुढच्या सीटवर बसली, पाटी पायांत घेतली आणि वळणावर धरतात तशी टाच रेटून घट्ट धरली. पडद्यावरचा आकडा धाडकन शून्यावर आला. इंजिन गुदमरलं. पिवळा दिवा लागला. टाच सैल केली तसा आकडा पुन्हा वर.

निशिगंधानं पायाखालचं मॅट उचललं, त्याखालचा गालिचा सोलला. खाली खवले, पांढरं मीठ आणि वायरींचा एक जुडगा, हिरवा पडलेला. पाटीतून ठिबकणाऱ्या खाऱ्या पाण्यानं सेन्सरची वायर खाल्ली होती. जेमतेम एका तारेवर जीव धरून होती ती, आणि वरून टाच रेटली की तीही तार सुटायची. कोडात सेन्सरचं नाव आलं म्हणून दोन गॅरेजांनी सेन्सर बदलला. त्याची वायर कुठून कुठे जाते आणि तिच्यावर रोज काय सांडतं, हे कोणी विचारलंच नव्हतं. उत्तनच्या गाडीला मासळीचा वास यायचाच, त्यात कोणाला काय वाटणार?

तिनं सडलेला तुकडा कापला, नवी वायर सोल्डरचा डाग देऊन जोडली आणि जुडगा गालिच्यापासून वर उचलून बांधला. कोड पुसला. गॅरेजातलं एक प्लॅस्टिकचं घमेलं मंदाच्या पायाशी ठेवलं आणि पाटी त्यात ठेवायला सांगितली. मंदानं दहा वेळा टाच आपटून पाहिली. आकडा जागचा हलला नाही.

तरीही दशरथची मान वळली ती काशीनाथकडेच. "दादा, नक्की जालं ना?"

"मला काय विचारता?" काशीनाथ उठला. "मी फिल्टर खोलणार होतो. दिवस फुकट गेला असता तुमचा. मिस्त्रीला विचारा."

निशिगंधा स्कॅनरची वायर गुंडाळत होती. गुंडाळून झालेली वायर तिनं सोडली आणि परत गुंडाळली. काशीनाथला आपण हरलो याचं इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. पोरीनं बापाच्या कानाला खोटं पाडलं होतं आणि बापाची छाती शर्टात मावत नव्हती.

पण सोमवार काही हलला नव्हता. शनिवारी संध्याकाळी ती मागच्या खोलीत आपली हत्यारं आवरत असताना उत्तनजवळच्या डोंगरीचा रोशन जीप घेऊन आला. डॅशबोर्डवर पिवळा दिवा.

"मिस्त्री हाय का?"

काशीनाथ सवयीनं हात पुसत उठला. "बोला."

"तुमी न्हाय," रोशन म्हणाला. "ती पोरगी. आमच्या मंदाबायनं आख्ख्या बाजारात सांगितलंय, गाडी तिलाच दाखवा म्हणून."

तीस वर्षं काशीनाथनं गिऱ्हाइकांच्या तोंडून स्वतःची तारीफ ऐकली होती. पण 'तुमी न्हाय' याच्याइतकं गोड त्याला कोणी काही बोललं नव्हतं. तो पुन्हा स्टुलावर बसला आणि पलीकडच्या पंक्चरवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "मिस्त्री! गिऱ्हाईक आलंय तुमचं!"

निशिगंधा बाहेर आली. तिनं जीपकडे पाहिलं, रोशनकडे पाहिलं, मग बराच वेळ बापाकडे. नुकताच बंद केलेला स्कॅनरचा डबा तिनं पुन्हा उघडला.

"पप्पा," पिन खोचता खोचता ती म्हणाली, "सोमवारचं आईला तुम्ही सांगायचं. मी नाही."