दोनी पोरीच

ललिताबाईनं त्या दिवशी तोंड बंद ठेवलं असतं तर तिची सून अंजू आज जिवंत असती, असं तांडा म्हणतो. साफ खोटं आहे. पण म्हातारीच्या काळजात तेच रुतून बसलंय.

अंजूला तिसऱ्यांदा दिवस गेले, तिसरा महिना. मागच्या बाळंतपणात एवढं रक्त गेलं की बाई मरता मरता वाचली. "आता पुन्हा नको," असं तेव्हाच डॉक्टरनं बजावलं होतं. ऑपरेशन करू करू म्हणता ऊसतोडीचे चार हंगाम निघून गेले. नवऱ्याच्या, किशनच्या नसबंदीची गोष्ट तर कोणी काढलीच नाही. शेवटी सासू-सुना मंगरूळपीरला एका खाजगी दवाखान्यात गेल्या, मोकळं करून घ्यायला.

डॉक्टरनं विचारलं, "लेकरं किती?"

अंजू बोलायच्या आत ललिताबाईनं पदर डोळ्याला लावला. "दोनी पोरीच हायेत जी. पोरगं नाही नशिबात."

तांड्यात बाई आपलं दुःख असंच सांगते. ऐकणारी हळहळते, जवळ बसवते, चहा ठेवते. डॉक्टरला मात्र घाम फुटला. जिल्ह्यात स्त्रीभ्रूणहत्येविरुद्ध नवी कडक मोहीम सुरू होती. दोन पोरींची आई गर्भ पाडायला आली की आधी संशय, मग धाड, मग दवाखान्याला कुलूप.

"कुठं तपासून आलात? पोरगी निघाली ना?"

"नाही हो सायब," अंजू म्हणाली. "काय हाय ते आमाले ठावंबी नाही. मले जगायचं हाय, बस."

"मला कशाला अडकवता, बाई? वाशीमला जा."

वाशीमला सरकारी दवाखान्यात गेल्या. तिथं आधी या सहीसाठी थांबा, मग त्या सहीसाठी, मग "सोमवारी या." मेडिकलवाल्यानं गोळीचं नाव ऐकूनच हात जोडले. अंजूचा हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलेला होता. पण कायदा वाचतो कोण? सगळे धाडीच्या बातम्या वाचतात. पोरी वाचवायला निघालेल्या या शूरांना समोर उभी असलेली सव्वीस वर्षांची पोर दिसली नाही.

चौथ्या सोमवारी एसटीत अंजू म्हणाली, "याडी, आता कोनाच्या पाया पडू नको. आपल्या तांड्यातली गोजराबाई झाडपाला देते, तो घेऊन पायते." सासूला ती याडीच म्हणायची, म्हणजे आई.

ललिताबाई खिडकीबाहेर बघत राहिली. एकदा बोलून चुकली होती, आता गप्प राहून चुकली.

झाडपाला घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी भरदुपारी, रक्त थांबेना म्हणून नेताना, वाशीमच्या वाटेवर, ऑटोत सासूच्या मांडीवरच अंजू थंड पडली.

तेरावं व्हायच्या आत चौकशीची जीप आली. जिवंतपणी जिला एक सही मिळाली नाही, तिच्या मरणावर पाच जणांनी सह्या केल्या. साहेबानं फॉर्म काढला.

"मयताला लेकरं किती?"

या वेळी ललिताबाईनं पदराला हात लावला नाही.

"एक पोरगा, एक पोरगी," ती ठणकावून म्हणाली.

दोन्ही नाती ओट्यावर बसल्या होत्या. मोठीच्या वेणीत आईनं बांधलेली रिबीन अजून तशीच होती. धाकटीनं बहिणीकडं पाहिलं, मग आजीकडं.

"आजी, पोरगा कोन हाय?"