पाठीमागच्या ओळी

१९८१ साल, मार्चचा दुसरा आठवडा. आमच्याकडचा पाऊस सरत आला होता, पण पठारावरची जमीन अजून पायाला मऊ लागत होती. पडीक रान फोडायचे ते याच दिवसांत, कारण एप्रिल लागला की सरोवराकडून कोरडा वारा सुटतो आणि मातीचा दगड होतो. मी एकटा होतो. पायनांगराचे काम जोडीचे असते. लांब दांडा, खाली लोखंडी फाळ, पाय ठेवायला आडवी खुंटी. दोघांनी शेजारी उभे राहून एकदम दाबायचे आणि ढेकूळ उलटायचे. माझी बायको वारली होती, दोघे मुलगे खाणीत गेले होते, आणि मागच्या मार्चमध्ये ज्याने माझ्या शेजारी नांगर धरला होता, त्याला ऑगस्टमध्ये मारून टाकले होते.

तो पाद्री होता. लेआंद्रो उर्किदी. ला पास शहरातल्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायचा, आणि सहा वर्षे वही घेऊन माझ्या बांधावर बसायला यायचा. त्याला आमची आयनी समजून घ्यायची होती. एकाने दुसऱ्याच्या रानात एक दिवस राबायचे, दुसऱ्याने तोच दिवस त्याच कामाने परत करायचा. यात सहा वर्षे विचारण्यासारखे काय होते, मला कधी कळले नाही.

"तात सबीनो," तो म्हणायचा, "आमच्याकडे देव एका कपाटात, पैसा दुसऱ्या कपाटात आणि सत्ता तिसऱ्यात. किल्ल्यासुद्धा वेगवेगळ्या माणसांच्या कमरेला. तुमच्याकडे तिन्ही एकाच ढेकळात निघतात."

"निघत असतील. बटाटे गार होतायत, खा."

हेच तो शहरात जाऊन वर्गातही सांगायचा आणि प्रार्थनेच्या वेळीही सांगायचा. ज्यांच्या कमरेला किल्ल्या होत्या ते ऐकत होते.

१९८०च्या मार्चमध्ये माझा धाकटाही खाणीत गेला, तेव्हा लेआंद्रोने वही खाली ठेवली आणि नांगर उचलला. पाहुण्याला मी अवजार देत नाही, पण त्या दिवशी दिले. तो डावखुरा होता. मी उजव्या पायाने दाबतो, माझे ढेकूळ उजवीकडे पडते. त्याचे डावीकडे पडत होते. दुपारपर्यंत त्याचे तळहात फुटले. संध्याकाळी तो पाठ धरून हसत सुटला.

"सहा वर्षं मी तुमचं खातोय, आज पहिल्यांदा तुम्ही माझे देणेकरी झालात."

"फेडीन."

"कुठं फेडणार? माझ्याकडे रान कुठंय? अडकलात, तात!"

जुलैमध्ये लष्कराने सत्ता घेतली. ऑगस्टमध्ये एका सकाळी त्याला वर्गावर जाताना गाडीत घातले. तिसऱ्या दिवशी तो दरीच्या रस्त्याला सापडला. रेडिओने अपघात म्हटले. मी रेडिओ विकून टाकला.

तर १९८१चा मार्च. दुपारी वारा टाळण्यासाठी मी रानाकडे पाठ करून बांधाखाली जेवायला बसलो. सकाळपासून पाच ओळी झाल्या होत्या. जेवून उठलो तेव्हा सात होत्या. शेवटच्या दोन ओळींतली ढेकळे डावीकडे पडलेली होती, आणि त्यांच्या खालच्या अंगाला ओल चकाकत होती.

शेजारच्या रानातून तोमासा आली. तिचे रान माझ्या रानाला लागून आहे आणि तिचे तोंड कधी बंद नसते.

"काय हो तात, एवढ्यात इतकं उरकलं? आणि हा डावखुरा जावई कुठून आणलात? तुम्हाला तर मुलगी नाही!"

"तुझं काम बघ."

"बघतेय की. माझ्याकडे पण पाठवा त्याला. मी दोन वेळचं घालीन, तुम्ही तर एकदाच घालत असाल."

मी आयुष्यात कुणाचा दिवस ठेवलेला नाही. माझ्या बापाने मरताना माझ्यावर एकही ठेवला नव्हता. त्याच संध्याकाळी उठून मी या गोष्टीचा निकाल लावायला हवा होता. लावला नाही. मीच तर डाव्या पायाने दाबले नव्हते ना, म्हणून मी आधी स्वतःचे जोडे तपासले. खुंटीचा घट्टा उजव्याच जोड्याला होता, डाव्याचा तळ कोरा होता. मग घरी गेलो.

दुसऱ्या वर्षी मी मुद्दाम पाठ केली. सावकाश जेवलो. पाण्यात पडलेल्या मेंढीविषयी बोललो, थोरल्याचे पत्र आले नाही त्याविषयी बोललो. इतके मी बायकोशीही बोललो नसेन. मागून माती उलटल्याचा आवाज येत नव्हता, पण वळलो तेव्हा तीन ओळी होत्या. वर्षातला तो एक दिवस सोडला तर माझ्याशी बोलायला तोमासाखेरीज कुणी नव्हते.

तिसऱ्या वर्षी ओळी चार होत्या, पण उथळ होत्या. फाळ जेमतेम चार बोटे गेला होता. काही ढेकळे अर्धी उलटून पुन्हा जागेवर बसली होती. दमलेल्या माणसाचे काम मी ओळखतो. मी तिथे उभा राहिलो आणि मला माझी लाज वाटली. सोबत हवी म्हणून मी मेलेल्या माणसाला राबवत होतो.

दुसऱ्या दिवशी नांगर बसच्या टपावर बांधला आणि ला पासला गेलो. आयनी फेडायला माणूस नसेल तर त्याच्या घरच्याला फेडतात. लेआंद्रोची बहीण रेमेदियोस उतारावरच्या वस्तीत राहत होती. तिच्या घराला मागे अंगण होते, गाड्या उभ्या करून करून विटेसारखे झालेले.

"इथं गवतसुद्धा येत नाही हो तात. काय लावणार तुम्ही?"

"लावायचं नाही. त्याचे चार दिवस माझ्यावर आहेत, तेवढे दिवस उलटायचं आहे."

"लोक काय म्हणतील?"

"त्याच्या मौतीला गप्प बसले ते लोक?"

ती बाजूला झाली. तिने पाणी शिंपडून दिले आणि मी सुरुवात केली. दुपारी तिने सूप आणले. भिंतीकडे तोंड करून मी प्यालो. वाडगा न्यायला ती आली आणि थबकली.

"तुम्ही तर जेवत होता," ती म्हणाली. "मग ही बाजू कुणी काढली?"

भिंतीपासून दोन ओळी. उथळ, डावीकडे पडलेल्या. फेडायच्या दिवसातही तो राबायला आला होता. चाराचे पाच झाले होते. असे चालले तर मी मरेपर्यंत फिटणार नव्हते, आणि त्यालाही सुटका नव्हती.

"त्याची खुर्ची आहे का?"

लिहायच्या टेबलाची खुर्ची ती आतून घेऊन आली. कोपऱ्यात, जिथे मी फाळ लावणार नव्हतो, तिथे मी ती अंगणाकडे तोंड करून ठेवली.

"बस," मी म्हणालो. "रान तुझं आहे. आता हात लावायचा नाही. सहा वर्षं बसून बघितलंस, अजून पाच दिवस बघ."

रेमेदियोस पुन्हा आत गेली आणि एक उशी घेऊन आली. ती तिने खुर्चीच्या पाठीला नीट लावली.

"पाठ दुखायची त्याची," ती म्हणाली.

मी पाच दिवस राबलो. रोज दुपारी भिंतीकडे तोंड करून जेवलो आणि रोज वळून पाहिले. ढेकळे उजवीकडे पडलेली होती, सगळी माझी. पहिल्या दिवशी बरे वाटले. तिसऱ्या दिवशी मी वाडगा रिकामा झाल्यावरही बराच वेळ तसाच बसून राहिलो, पण वळलो तेव्हा माझ्याच ओळी होत्या. मेंढ्यांविषयी काही सांगावेसे वाटले नाही.

पाचव्या संध्याकाळी मी खुर्ची आत न्यायला गेलो. ती उचलेना. कोपऱ्यातली ती जमीन कुणी भिजवली नव्हती, कुणी फोडली नव्हती. पहारीलाही दाद दिली नसती. खुर्चीचे चारही पाय तिच्यात वीतभर रुतले होते.

मी फाळ पुसला. पाच दिवस फिटले.