शेवटच्या घोटाची बरणी

मी एक जुनी काचेची बरणी आहे, मित्रांनो. पोटाला तोटी, तोंडावर लाकडी झाकण आणि डाव्या अंगाला वरपासून खालपर्यंत तडा. सध्या माझ्या पोटात प्लास्टिकची लिंबं भरून ठेवली आहेत. येणारे-जाणारे कौतुकाने बघतात. खरं सांगू? मला त्या लिंबांची चीड येते.

कारखान्यात माझ्या तळाशी एक बुडबुडा राहून गेला, म्हणून दुकानात मला दुय्यम मालाच्या ढिगात टाकलं होतं. तिथून मला वहिनींनी उचललं. वहिनी म्हणजे आमच्या कॅफेच्या मालकाच्या थोरल्या भावाची बायको. नवरा गेल्यापासून त्या दिराच्या घरी राहत आणि कॅफेचं स्वयंपाकघर सांभाळत. दुकानदार म्हणाला, "बाई, हिच्यात खोट आहे." वहिनी म्हणाल्या, "असू दे. चहाला कुठे कळतंय?"

आमच्याकडे वर्षातले आठ महिने नुसतं ऊन. दुपारी बारानंतर कॅफेत चिटपाखरूही फिरकत नसे. मालक डोक्याला हात लावून बसत. वहिनी एकदा म्हणाल्या, "भावजी, गार चहाचा मेनू करून बघते."

"बघा. दुपार भरून दाखवलीत ना, तर दुसरं दुकान काढू आणि ते तुम्हीच चालवायचं. शब्द देतो."

दिराच्या घरातून निघून स्वतःच्या पायावर उभं राहायची ती एकच वाट होती. वहिनींनी कंबर कसली.

पहिला चहा त्यांनी उकळून फ्रिजमध्ये ठेवला, तो भांडी विसळलेल्या पाण्यासारखा गढूळ झाला. दुसरा कडू जहर. मग त्यांनी पत्ती मलमलीच्या पुरचुंडीत बांधून माझ्यातल्या गार पाण्यात आठ तास सोडली. पुरचुंडी त्या कधी पिळत नसत, कारण पिळली की सगळा कडवटपणा खाली उतरतो. लिंबाचा, पुदिन्याचा, आल्याचा असे एकेक करत पाच चहा जमले. पण खरी गंमत पुढेच होती. वहिनी ताजा पेला चाखतच नसत. बर्फ घातलेला पेला त्या बाहेरच्या टेबलावर, उन्हात नेऊन ठेवत. वीस मिनिटं थांबत. बर्फ विरघळला की तळाचा घोट घेत आणि तो पाणचट लागला की सगळी बरणी मोरीत रिकामी करत. जसं ऊन, तशी पत्ती रोज कमी-जास्त होई.

मालक हसत. "वहिनी, चहा करताय की वाळवण घालताय?"

"गिऱ्हाईक पहिल्या घोटाला खूश होतं, भावजी. परत येतं ते शेवटच्या घोटासाठी."

आणि गिऱ्हाईक आलं! दुपारी बसायला खुर्ची मिळेना. दिवसातून दोनदा मी भरत असे आणि दोनदा रिकामी होत असे. ते माझे सुखाचे दिवस होते.

एकदा एका मासिकाचा फोटोग्राफर आला. वहिनी हातात फडकं घेऊन माझ्या शेजारी उभ्या होत्या. तो म्हणाला, "ताई, जरा बाजूला होता का? बरणीवर सावली पडतेय." वहिनी बाजूला झाल्या. फोटोत मालक आले आणि मी आले. खाली छापलं होतं, 'मालकांच्या कल्पनेतून उतरलेला मेनू.' मालकांनी तो फोटो चौकटीत घालून भिंतीवर लावला. मला तेव्हा काहीच खटकलं नाही, हे सांगताना आज लाज वाटते.

दुसरं दुकान निघालं. मालकांनी त्यासाठी एक सल्लागार आणला, कडक इस्त्रीचा. वहिनींना म्हणाले, "नव्या दुकानाला शिकलेला माणूस हवा, वहिनी. तुम्ही खूप केलंत, आता आराम करा. तेवढी मापं सांगा याला."

वहिनींनी फडक्याला हात पुसले. मग त्यांनी मापं सांगितली. पत्ती, पाणी, तास, बर्फ. सल्लागाराने सगळं टिपून घेतलं. शेवटी त्या म्हणाल्या, "आणि पेला वीस मिनिटं उन्हात..."

"चाखायचं आम्ही बघू," म्हणत त्याने वही मिटली.

संध्याकाळी वहिनींनी मला घासून पालथं घातलं, माझ्या बुडबुड्यावर बोट टेकवलं आणि पिशवी उचलून त्या बहिणीकडे निघून गेल्या.

मला नव्या दुकानात हलवलं. सल्लागार तिथल्या एसीच्या खोलीत बसून ताजा पेला चाखत असे. "झकास!" बाहेरच्या टेबलावर तोच चहा दहा मिनिटांत पाणी होई. अर्धे पेले परत येऊ लागले, तेव्हा त्याने पत्ती दुप्पट केली. मग आठ तास थांबायचाही त्याला कंटाळा आला. चहा उकळून, पुरचुंडी दाबून पिळून तो रस माझ्यात ओतायला सुरुवात झाली. एका सकाळी माझ्या तळाशी बर्फ असताना त्याने वरून उकळता चहा ओतला. कट् असा आवाज झाला. "बरणीच दुय्यम होती," तो म्हणाला.

मागच्या महिन्यात भर दुपारी वहिनी आल्या. बाहेरच्या रिकाम्या टेबलांपैकी एकावर बसल्या आणि गिऱ्हाइकासारखा लिंबाचा चहा मागवला. एक घोट घेऊन त्यांनी पेला खाली ठेवला. मी काचेआडून बघत होते. मालक बाहेर गेले आणि समोर उभे राहिले. वहिनींनी त्यांना 'बसा' म्हटलं नाही. वीस मिनिटं गेली, बर्फ विरघळला. वहिनींनी आणखी एक घोट घेतला.

"कसा झालाय, वहिनी?" मालकांनी हळूच विचारलं.

"पहिला घोट छान होता, भावजी," असं म्हणून त्या उठल्या. पेला तिथेच, अर्धा राहिला. मालक कितीतरी वेळ त्या पेल्याकडे बघत होते.

मित्रांनो, मला सांधा असं मी म्हणत नाही. तडा गेलेल्या काचेत चहा राहत नाही. पण कुठे गार चहा आवडला, तर बरणीचं कौतुक करून निघून जाऊ नका. आत डोकावा आणि तो कुणी केला ते विचारा. आमच्याकडे इतकी माणसं आली, पण एकानेही विचारलं नाही. आणि विचारलं असतं, तरी मी कुठे सांगणार होते? मी फोटोत चमकत होते.