‘काहून’वर बंदी नव्हती

वेळ दुपारी चारची. जागा अनसिंगच्या विहाराशेजारचं वाचनालय. साल १९७६, आणीबाणीचं. त्या दुपारी मला तिथून उचललं. मी एक कादंबरी बोलतेय. माझं नाव ‘का नसलेलं गाव’.

अकोल्याच्या छापखान्यात मी मुलांसाठी जन्मले, पण माझ्यात परी नाही. माझ्यातल्या गावात ‘का’ हा शब्द उच्चारायला मनाई आहे. सडकं धान्य मिळो, विहीर आटो, ‘का’ म्हणायचं नाही. एक मुलगी तो शब्द बोलते आणि गोष्ट सुरू होते.

पुष्कळ दिवस मी कपाटात झुरळांच्या संगतीत होते. मोठी माणसं यायची, पेपरातले बाजारभाव बघून जांभया द्यायची. वाचनालय सांभाळणाऱ्या बेबीताईंनी मला बाहेर काढलं.

“पऱ्या लय झाल्या. आता हे वाच. भेव वाटंन, पन सोडू नोको,” त्या प्रत्येक पोराला सांगायच्या.

सातवीतली रुख्मिणी मला परत द्यायला आली ती हसतच.

“ताई, त्या गावचे लोक येडेच हायेत! ‘का’ बंद केला त ‘काहून’ म्हनाव. ‘कायले’ म्हनाव!”

“अवो माय! हे त लिहिनाऱ्याच्याबी ध्यानात नाही आलं!” बेबीताई पोट धरून हसल्या.

मग पोरांना चाळाच लागला. रेशनच्या रांगेत, “साखर काहून नाही?” नसबंदीच्या गाडीपुढं, “माह्या बापाले कायले नेता?” हे कुणी शिकवलं, असं गाडीबरोबर आलेल्या तहसीलच्या साहेबानं दरडावलं. पोरांनी अभिमानानं माझं नाव सांगितलं.

साहेबाची दोन माणसं वाचनालयात आली. मला उघडूनही न बघता एकानं विचारलं, “बाई, हे पोराईले कोनं देल्लं?”

“म्याच. तुमीबी वाचा. पन आठवनीनं वापस आना.”

“चाला मंग. साहेबाले तुमीच सांगा.”

दोघींना एकाच जीपमध्ये घातलं.

पुढं मी कचेरीत डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली होते. आणीबाणी उठल्यावर रद्दीतून रुख्मिणीनंच मला ओळखून आणलं. आता मला पुठ्ठा नाही, पहिली पानं नाहीत. माझ्याविरुद्ध कुठला हुकूमही नव्हता म्हणे. आता फार दमलेय मी. तरी पोरांनो, मला वाचा. घाबरलात तर थोडं थांबा, पण शेवटपर्यंत वाचा.

बेबीताई मात्र परतल्याच नाहीत. साहेब म्हणतात, बाईंना त्याच संध्याकाळी कचेरीतून घरी सोडलं. मी त्या जीपमध्ये होते. कचेरीपाशी फक्त मला उतरवलं. बेबीताईंना घेऊन जीप पुढं गेली.