स्थळ : जुने कार्यालय

आधीच सांगून ठेवतो, चूक माझी नव्हती. म्हणजे होती, पण लोक सांगतात तशी नव्हती. आमच्या नात्यात कोणाचं लग्न निघालं की पत्रिका आधी माझ्याकडं आणतात लेकाचे, अन् म्हणतात, मार्तंडराव, पत्ता बरोबर आहे ना, पाहून घ्या. मी वरून हसतो, पण आतून असा संताप येते की विचारू नका.

तर ते मोतीरोज. खरं नाव मॉन्ट्रोज हॉटेल, सिव्हिल लाइन्समधलं, कोण्या एका मेमसाहेबाचं. मॉन्ट्रोज कोणाच्या जिभेवर बसते? टांगेवाल्यांनी त्याचं मोतीरोज केलं अन् तेच राहिलं. नागपूर राजधानी होतं तेव्हा तिथं मोठमोठे साहेब उतरत. नाचाचा हॉल होता, जमीन सागवानी फळ्यांची, खालून पोकळ, चाललं की ढबढब वाजे. छप्पन साली राजधानी गेली मुंबईले, साहेब गेले, मेम तर केव्हाचीच गेली होती. साठ साली अधिवेशनाचे पाहुणे एक हिवाळा राहून गेले, मग हॉटेलले कुलूप लागलं.

एकसष्ट साली सरकारनं ती इमारत आमच्या पुरवठा कार्यालयासाठी घेतली. सिमेंट, साखर, पत्रे, साऱ्यांचे परमिट तिथून निघत. नाचाच्या हॉलात रेकॉर्ड ठेवलं. मी नऊ नंबरच्या खोलीत बसे. खोलीले लागून न्हाणी, न्हाणीत साहेबांचं आंघोळीचं पांढरं टब, अन् त्या टबात काठोकाठ आमच्या फायली. कपाटं मागितली होती आम्ही, पण सरकारी काम अन् सहा महिने थांब. नऊ वर्षं थांबलो, कपाटं काही आली नाहीत.

सत्तर साली कार्यालय सक्करदऱ्याले गेलं, एका जुन्या गोदामात, समोर मोठं पटांगण. तिथून शहात्तर साली नव्या चार मजली इमारतीत. इकडं मोतीरोजमध्ये काही वर्षं पोरींचं होस्टेल झालं, अन् मग गांधीबागेतल्या एका कापडवाल्यानं घेऊन त्याचं मंगल कार्यालय केलं. म्हणजे पाहा, हॉटेलचं झालं कार्यालय, अन् कार्यालयाचं मंगल कार्यालय. कोणी हॉटेल म्हणे, कोणी सप्लाय ऑफिस, कोणी होस्टेल. रिक्षावाल्याले पत्ता सांगायचा तर आधी त्याचं वय पाहावं लागे.

अठ्ठ्याहत्तर साली माझ्या प्रेमलताचं लग्न ठरलं. एकुलती एक पोर. याआधी तिचं दोनदा जुळून मोडलं होतं, एकदा तर साखरपुडा झाल्यावर. घरी पाहुणा आला की ती आतल्या खोलीत जाऊन बसे. तिसऱ्यांदा मोडलं असतं तर तिनं लग्नाचं नावच टाकलं असतं, हे मले बापाले स्वच्छ दिसत होतं. माझी बायको जयवंता देवापुढं हात जोडून एकच म्हणे, एवढं पार पडू दे.

मुलगा केशव, काटोलकडच्या खेड्यातला, शाळेत मास्तर, घरी संत्र्याचा बगीचा. त्याचे वडील वामनराव, म्हणजे आमचे इवाई. एका वाक्यात काम होत असलं तर दुसरं बोलायचे नाहीत. बैठकीत मी मोठ्या थाटात सांगितलं, लग्न मोतीरोज हॉटेलात आहे. वामनराव सुपारी कातरून राहिले होते, ते थांबले.

"हॉटेल नको," म्हणाले.

मी विचारलं, काहून? तर म्हणे नको म्हणजे नको. आता आमच्याकडं हॉटेल म्हणजे काय? आलूबोंडा, कपबशी, अन् मागच्या खोलीत बाटली. मले वाटलं, माळकरी माणूस, गावात पत्रिका वाटल्यावर लोक नावं ठेवतील म्हणून घाबरून राहिला. मी म्हटलं, अजी, काळजी नका करू, हॉटेल काढून टाकतो. त्यायनं मान हालवली अन् पुन्हा सुपारी कातरायले लागले. मी समजलो, मिटलं.

घरी आलो अन् पत्रिकेच्या मसुद्यावर लाल पेन्सिल फिरवली. सतरा वर्षं नोकरीत दुसरं केलं काय मी? वरून शेरा आला की कागद दुरुस्त करायचा, अन् कागद दुरुस्त झाला की काम दुरुस्त झालं. 'मोतीरोज हॉटेल' खोडलं, 'मंगल' लिहिलं तर ओळ लांब होऊन राहिली होती म्हणून तेही गाळलं, अन् आपलंच जुनं ऑफिस ते, म्हणून ठेवलं, 'स्थळ : जुने कार्यालय, नागपूर'. प्रेमलता म्हणाली, बाबा, यातून लोकायले काय समजन? मी तिच्यावर खेकसलो. म्हटलं, सारं नागपूर मले ओळखते. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून मी आपला खूश.

मे महिन्यातला रविवार, मुहूर्त बारा वाजून दहा मिनिटांचा. वऱ्हाड दहाले यायचं होतं, अकरा वाजले तरी पत्ता नाही. आमच्याकडं वरातीले उशीर ही काही बातमी नाही, बॅन्डपुढं नाचण्यातच दोन तास जातात. पण नाचायले वरात तर पाहिजे ना बाप्पा. सव्वा अकराले माझी मोठी बहीण यमुताई आली, घामानं निथळून राहिली होती. ती आधी नव्या इमारतीत विचारायले गेली होती, तिथल्या चौकीदारानं तिले इकडं धाडलं. मी तिच्यावरच उखडलो, पत्रिका तिच्या नाकापुढं धरली. तिनं ती हातभर लांब धरून वाचली.

"कोणतं जुनं गा मार्तंडा?" म्हणाली. "तुमचं कार्यालय तर दोनदा जुनं झालं."

तेव्हा मले उमगलं, वऱ्हाड सक्करदऱ्याले गेलं असन. आमच्या ऑफिसातल्या गिरिधरपाशी लॅम्ब्रेटा स्कूटर होती, तो म्हणाला, बसा मागं. निघताना प्रेमलताच्या खोलीत डोकावलो. ती कपाळाले मुंडावळ्या बांधून पाटावर बसली होती.

"बाबा, पुन्हा नाही ना?" तिनं विचारलं.

येतो म्हटलं अन् निघालो.

सक्करदऱ्याचं गोदाम बंद होतं, फाटकाले कुलूप. बाहेर भिंतीच्या सावलीत साठ माणसं बसली होती, बॅन्डवाले ढोलावर डोकं टेकून झोपले होते, अन् नवरदेव बाशिंग मांडीवर ठेवून रुमालानं वारा घेऊन राहिला होता. बसचं इंजिन सुरू होतं. ते लोक परत निघाले होते.

मी धावत गेलो. म्हटलं, चला, लग्न तिकडं आहे. कोणीतरी विचारलं, तिकडं कुठं? म्हटलं, कार्यालयात. मग हे काय आहे? हे जुनं कार्यालय आहे, पण ते जुनं नव्हे, त्याच्याआधीचं जुनं. त्यांचा एक चुलता म्हणाला, इवाई सकाळी सकाळीच घेऊन आले वाटते. माझं मलेच कळेना मी काय बोलून राहिलो. शेवटी तोंडातून निघालंच, मोतीरोज हॉटेल.

वामनराव उठून पुढं आले. "मी हॉटेल नको म्हटलं होतं."

म्हटलं, काढलं ना अजी, पत्रिकेतून काढून टाकलं.

"मी नाव नको म्हटलं नव्हतं. जागा नको म्हटली होती."

मग तो कमी बोलणारा माणूस बोलला. पासष्ट साली त्यायले विहीर बांधायले सिमेंट पाहिजे होतं. सात दिवस ते गावावरून मोतीरोजले आले, नऊ नंबरच्या खोलीबाहेर उकिडवे बसले. सातव्या दिवशी आतला बाबू म्हणाला, तुहा अर्ज टबात आंघोळ करून राहिला, निघाला की सांगतो. खोलीतले सारे हसले. त्या पावसाळ्यात विहीर ढासळली. परमिट भेटलं आठ वर्षांनी, सक्करदऱ्याच्या याच पटांगणात. म्हणून पत्रिकेत जुनं कार्यालय वाचलं तेव्हा त्यायले वाटलं, इवायानं मनातलं ओळखून जागा बदलली.

मी विचारलं, तो बाबू कोण होता?

"तुम्ही," म्हणाले.

नऊ नंबरमध्ये आम्ही तिघं बसत होतो, अन् तो विनोद तिघंही करत होतो. दिवसातून चारदा करत होतो. मी त्यांच्या तोंडाकडं पाहून राहिलो, कपाळ पाहिलं, मिशा पाहिल्या, पासष्टचा तो माणूस कुठं दिसते का शोधलं. काहीच नाही. तोंडावर आलं होतं, तो मी नसेन, दुसरा कोणी असन. पण खरं काय ते मलेच माहीत नव्हतं, अन् तिकडं माझी पोर पाटावर बसली होती.

"मीच असेन," म्हटलं. "पण मले आठवत नाही इवाई, देवाशपथ."

"तुम्हाले काहून आठवन?" वामनराव म्हणाले. "तुमच्यापुढं रोज पन्नास माणसं. माझ्यापुढं तुम्ही एकलेच होते."

रागानं नाही म्हणाले. रागानं म्हणाले असते तर मले सोपं गेलं असतं. मी विचारलं, मग माझी पोरगी काहून केली? तर म्हणे, पाहायले आलो तेव्हा दारातच ओळखलं तुम्हाले, परतणारच होतो. पण पोरगी पाणी घेऊन आली तेव्हा आमचा गाडीवान बाहेर उन्हात उभा होता, तिनं आधी त्याले पाणी देल्लं अन् मग आम्हाले. तेवढं पाहून बसलो.

मी डोक्यावरची टोपी काढली. त्यायनं माझा हात धरला, पायापर्यंत जाऊ देल्ला नाही. मग वळून ड्रायव्हरले विचारलं, मोतीरोज पाहिलं काय रे?

पावणेदोनले अक्षता पडल्या. मुहूर्त टळला म्हणून भटजी पुटपुटले, कोणी लक्ष देल्लं नाही. वामनराव पायऱ्या चढून आत आले, साऱ्या विधीले बसले, जेवले. इवाईभेटीले त्यायनं मले छातीशी धरलं, चांगलं घट्ट. लोक गुलाल उधळून राहिले होते अन् मी त्यांच्या खांद्यावर हनुवटी ठेवून रडत होतो. जयवंताले वाटलं पोरीसाठी.

आता सात-आठ वर्षं झाली. प्रेमलता सुखात आहे, दोन लेकरं आहेत तिले. वामनराव नागपूरले आले की आमच्याकडं उतरतात. फाटक वाजलं की मी हातातलं टाकून धावतो, त्यायले एक क्षण बाहेर उभं राहू देत नाही. आम्ही दोघं चहा घेत बसतो. ते बोलत नाहीत, अन् मी त्यांच्या तोंडाकडं पाहत राहतो, आठवते का म्हणून. अजून आठवलं नाही.