गुलिस्तानबाईंचा तिसावा भाग

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आठ व्हिडिओ कॅसेट होत्या. पहिल्या सातांवर प्रत्येकी चार भाग आणि आठवीवर दोन, म्हणजे एकूण तीस. लेबलं बाबांच्या हातची, हिरव्या शाईतली. सात कॅसेटमधली फीत पूर्ण डावीकडे गुंडाळलेली होती. आठवीची मध्येच थांबलेली होती. रेकॉर्डिंग संपलं तिथेच. नंतर ती कुणी उलटी फिरवलीच नव्हती.

हे मी तेव्हा नीट पाहिलं, पण त्यातून काही निष्कर्ष काढला नाही. भौतिकशास्त्राच्या पदवीधरानं काढायला हवा होता.

डब्याशेजारी व्हिडिओ प्लेअर होता. आमच्या घरात तो 'बिघडलेला' म्हणूनच ओळखला जायचा. माझे बाबा, उस्ता सब्री, इजिप्तमधल्या दमिएटातले सोफे मढवणारे कारागीर. आमच्या गल्लीतले पंखे, शिलाई यंत्रं, एकदा तर दातांच्या डॉक्टरची खुर्ची, सगळं त्यांनी दुरुस्त केलेलं. फक्त हा प्लेअर तीस वर्षांत त्यांच्याच्यानं झाला नाही. मी तो उघडला तर आतला एक रबरी पट्टा वितळून गेला होता, बस. शिलाई यंत्राच्या दुकानात त्याच मापाचा पट्टा मिळाला. बसवायला पंचवीस मिनिटं लागली.

रमजानच्या आदल्या दिवशी मी प्लेअर दिवाणखान्यात लावला आणि आईला पहिल्या भागाचं संगीत ऐकवलं. आईच्या हातातून घेवड्याच्या शेंगा खाली पडल्या.

"गुलिस्तानची इमारत!" ती ओरडली. "सब्री! अरे ये लवकर, आपली मालिका!"

बाबा दारात आले. पडद्यावर अलेक्झांड्रियातली ती चार मजली इमारत दिसत होती आणि गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींमधून घरमालकीण गुलिस्तानबाई येत होती. बाबा म्हणाले, "वा." मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "इंजिनीयरबाई, तुम्हाला दुसरा काही उद्योग नव्हता का?"

मी इंजिनीयर नाही, हे त्यांना चार वर्षं सांगते आहे.

या मालिकेचं आमच्या घरात वेगळं महत्त्व आहे. आईबाबांच्या लग्नाआधीच्या रमजानात ती रोज एक भाग अशी लागायची. गुलिस्तानबाईंना दोन मागण्या असतात. एक दुसऱ्या मजल्यावरचे औषधवाले डॉक्टर बहजत, शांत आणि पैसेवाले. दुसरा तळमजल्यावरचा ट्रामचालक खमीस, फाटका आणि बोलघेवडा. त्याच महिन्यात आईलाही दोन मागण्या होत्या. एक कुवेतमधला हिशेबनीस, दुसरे बाबा.

महिना एकोणतीस दिवसांचाच भरला. चंद्र दिसला, ईद झाली आणि तिसावा भाग उरला. वाहिनीनं तो ईदच्या दुपारी दाखवून टाकला. त्या दिवशी आई आणि तिची मोठी बहीण, तहानी मावशी, गावाकडे होत्या आणि तिथे वीज नव्हती. संध्याकाळी परतल्यावर आईनं बाबांना विचारलं, "पाहिलास ना? काय झालं?" बाबांनी सांगितलं: गुलिस्ताननं खमीसला होकार दिला. रात्रीची शेवटची ट्राम, आत एकही प्रवासी नाही, खमीस तिला समुद्राच्या टोकापर्यंत घेऊन जातो आणि जन्मभराचं तिकीट फाडून हातात देतो. आठवड्याभरानं आईनं आजीला सांगितलं, गुलिस्तान हो म्हणाली, मीही म्हणते. कुवेतवाला गेला. ही गोष्ट दर ईदला आमच्याकडे सांगितली जाते, कहक नावाची गोड बिस्किटं खाता खाता.

वाहिनीनं मालिका परत कधी दाखवली नाही. कुणी शेजारणीनं शेवट वेगळा असल्याचं म्हटलं की आई तिला गप्प करायची. "तू ईदच्या धामधुमीत पाहिलंस. माझ्या सब्रीनं बसून पाहिलंय."

आईनं नियम घातला: रोज एक भाग, इफ्तार झाल्यावर, मधेच पुढे पळवायचं नाही. "रमजानची मालिका रमजानसारखीच पाहायची. एका दिवसात तीस भाग गिळायला आपण काय आजची पोरं आहोत?"

तहानी मावशी शेजारच्याच इमारतीत राहते. ती रोज जर्दाळूचं सरबत घेऊन यायची आणि बाबांच्या नव्यानं मढवलेल्या सोफ्यावर मधोमध बसायची. पहिला आठवडा दोघी बहिणी नुसत्या हसत होत्या. कपडे, केस, भिंतीचा रंग, टेलिफोनचा आकार. एका प्रसंगात छतावरून खाली लोंबणारा माइक तीन सेकंद दिसतो. तेव्हा तो कुणालाच दिसला नव्हता म्हणे.

दहाव्या भागात आई म्हणाली, "हा खमीस केवढ्यांदा बोलतो!"

"तेव्हाही एवढाच ओरडायचा," मावशी म्हणाली. "तूच म्हणायचीस, काय मर्दानी आवाज आहे."

"मी? छे."

मी सहज मोजायला लागले होते. खमीस एका भागात सरासरी अकरा वेळा ओरडायचा. डॉक्टर बहजत सरासरी चार वेळा कुणालातरी फुकट औषध द्यायचे.

पंधराव्या भागात बहजत गुलिस्तानच्या आजारी मांजरासाठी रात्रभर जागतात. आईनं डोळे पुसले. "किती सभ्य माणूस! मला का नाही दिसला हा तेव्हा?"

"मी ओरडून सांगत होते," मावशी म्हणाली. "तीस वर्षं सांगतेय. पण तुला ट्रामचा नाद."

"बाई, खरं सांगू, गुलिस्ताननं चूकच केली."

बाबा उठून चहा ठेवायला गेले. चहा आधीच झालेला होता.

बाविसाव्या दिवशी दुपारी मी त्यांच्या कारखान्यात गेले. एरवी काम करताना बाबा तोंडात खिळे धरतात, त्यामुळे त्यांच्याशी बोलता येत नाही. रोजाच्या दिवसांत ते खिळे छातीवर अडकवलेल्या चुंबकाला लावतात. आमच्या घरातली सगळी महत्त्वाची बोलणी त्यामुळे रमजानातच होतात.

"नशवा," ते म्हणाले, "यंदाचा महिना किती दिवसांचा?"

"ते चंद्रावर आहे, बाबा."

"ते मौलवींना विचारेन. तू विज्ञान सांग."

मी फोनवर हिशोब करून पाहिला. एकोणतिसाव्या दिवशी सूर्य बुडाल्यावर चंद्र आकाशात सदतीस मिनिटं राहणार होता. "दिसायला हरकत नाही. एकोणतीसच."

बाबांनी हातोडी खाली ठेवली आणि पहिल्यांदा हसले. "देवाची कृपा. ईद झाली की घरात पाहुणे, मग कोण बसतंय मालिका बघत?"

"बाबा, आठवी कॅसेट मध्येच का थांबली आहे?"

त्यांनी चुंबकावरून एक खिळा काढला, परत लावला. मग दार लोटून घेतलं.

"मी तो भाग पाहिलाच नाही, पोरी. मशीनला रोजच्यासारखी संध्याकाळची वेळ लावली आणि न्हाव्याकडे गेलो. तिथे ईदची ही रांग. भाग लागला दुपारी. संध्याकाळी घरी येऊन पाहतो तर कॅसेटवर फुटबॉलचा सामना."

"मग ती ट्राम? ते तिकीट?"

"तुझी आई जिन्यात उभी होती. गावाहून आलेली, चपलांना चिखल. म्हणाली, सांग, काय झालं. आणि अशी बघत होती... मी काय सांगणार, न्हाव्याकडे होतो?"

"गंमतच आहे की. सांगून टाका."

"गंमत तुला. तिनं त्या शेवटावर होकार दिलाय. घरभर सांगितलंय, शेजारणींशी भांडलीय. आता तिला तो खमीस आवडेनासा झालाय आणि मधे उरलो मी. तिला वाटेल, सब्रीनं मला फसवून घरात आणलं." त्यांनी हातोडी परत उचलली. "फसवलंच आहे."

एकोणतिसाव्या संध्याकाळी बाबा रोजा सोडून पाणीही अर्धंच प्यायले आणि गच्चीवर गेले. मीही गेले. पश्चिमेला कबुतरांच्या खुराड्यावर नखाएवढा चंद्र होता. शेजारचे हज्ज करून आलेले फकीह काका त्यांच्या गच्चीवरून म्हणाले, "उस्ता सब्री, यंदा एवढी घाई? नवे कपडे शिवलेत वाटतं?" थोड्या वेळानं टीव्हीवर मुफ्तींची घोषणा झाली. उद्या ईद.

बाबा जिना उतरले ते शीळ घालत. खाली आई कहकवर साखर भुरभुरत होती.

"बघ, इन्शिराह, महिना संपला. मालिकेचं राहिलंच जरा, नाही?"

"राहिलं कसं? तेव्हाही ईदला लागला होता, उद्याही ईदलाच लागेल. दुपारी, सगळे आले की. तहानीची सून, तिची मुलं, तुझा भाऊ. मी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

बाबांनी न विचारता एक कहक उचलला आणि तो तसाच हातात धरून उभे राहिले.

ईदच्या दुपारी दिवाणखान्यात अकरा माणसं होती. खारवलेल्या माशाचा वास अजून पडद्यांत होता. आईनं नवा निळा झगा घातला होता. मी आठवी कॅसेट लावली, एकोणतिसावा भाग पुढे नेला आणि तिसावा सुरू केला.

हिरवं मैदान. दोन्ही बाजूंना शून्य गोल. उत्तरार्ध.

"हे काय?" मावशी म्हणाली.

बाबांचे भाऊ, माझे काका, पुढे सरकले. "थांबा, थांबा, हा सामना मला आठवतो. यात काहीच होत नाही."

"मशीनची वेळ चुकली असणार," बाबा म्हणाले. आवाज अगदी मोकळा होता. "वाहिनीनं वेळ बदलली होती ना, त्यामुळे. काय करणार? नशीब."

"हो रे, पण तू तर पाहिला होतास," आई म्हणाली. "तेवढं पुष्कळ."

बाबा सुटले होते. मला ते दिसत होतं. त्यांनी पाठ सोफ्याला टेकवली, बहुधा महिन्यात पहिल्यांदा.

"इन्शिराह मावशी," मावशीची सून फोनवरून डोकं न काढता म्हणाली, "इथे आहे की. कुणीतरी टाकलाय. गुलिस्तानची इमारत, भाग तीस. एकेचाळीस मिनिटं दहा सेकंद."

सगळ्यांनी एकदम आरडाओरडा केला. फोन टीव्हीला जोडायला मला दीड मिनिट लागलं, जास्त वेळही लावता आला असता. चित्र धूसर होतं पण संगीत तेच. गुलिस्तानबाई काळी पर्स घेऊन जिना उतरते. पहिल्या मजल्यावर थांबते. मांजर. दुसऱ्या मजल्यावर बहजतांचं दार अर्धवट उघडं. आई पुढे वाकून बसली होती, हात गुडघ्यांवर.

"थांबव, नशवा," बाबा म्हणाले.

मी थांबवलं. गुलिस्तानबाईचा एक पाय हवेत राहिला.

बाबा उभे राहिले. अकरा माणसांसमोर, ईदच्या पांढऱ्या झग्यात. "मी हा भाग पाहिला नव्हता. त्या दिवशी मी न्हाव्याकडे होतो. यात पुढे काय आहे, मला माहीत नाही."

मावशीच्या नातवानं कहक चावला तो सगळ्यांना ऐकू गेला.

"आणि ट्राम?" आईनं विचारलं.

"नव्हती."

"तिकीट?"

"तेही मीच."

"रिकामी ट्राम, समुद्र, ती घंटा दोनदा वाजवतो ते?"

"तू विचारलंस, इन्शिराह. तू विचारत गेलीस तसं सुचत गेलं."

मावशीनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! आणि मी तीस वर्षं त्या खमीसला शिव्या घालतेय!"

आई बराच वेळ बाबांकडे पाहत होती. मग पडद्याकडे, मग परत बाबांकडे. "न्हाव्याकडे," ती म्हणाली. "आणि केस तर कसे कापून आला होतास, ओळखू येत नव्हतास." तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती, इतकी की मावशीनं पाणी आणलं.

पाणी पिऊन झाल्यावर तिनं फोनची वायर स्वतःच ओढून काढली. पडदा काळा झाला.

"इन्शिराह मावशी! शेवट?" सून म्हणाली.

"थांब ग. सब्री, बस इथे. पहिल्यापासून सांग. जिन्यापासून. आणि या वेळी घाई करू नकोस, घरी माझी कुणी वाट बघत नाहीये."

"आता? सगळ्यांसमोर?"

"तेव्हा तुझ्या तोंडून मी एकटीनं ऐकला, या सगळ्यांनी नाही. आणि ऐक, त्या डॉक्टर बहजतांना पण काहीतरी दे. भला माणूस आहे, त्याला नुसता दारात उभा ठेवू नकोस."

"त्यांना काय देऊ?"

"ते तू बघ. उस्ताद तू आहेस."

बाबा बसले. खिशातून चुंबक काढून हातात घोळवत राहिले. तो ईदलाही त्यांच्या खिशात होता. मग म्हणाले, "गुलिस्तानबाई जिना उतरते. दुसऱ्या मजल्यावर दार अर्धवट उघडं असतं."

मी घड्याळ पाहिलं. चार वाजून सहा मिनिटं.

बहजतांना मांजर मिळालं, औषधांचं दुसरं दुकान मिळालं आणि मावशीच्या आग्रहावरून गुलिस्तानबाईची शाळेत शिकवणारी एक विधवा बहीणही बायको म्हणून मिळाली. काकांनी मधेच ट्रामचा मार्ग दुरुस्त केला. घंटा या वेळी तीनदा वाजली.

बाबांचा तिसावा भाग बावन्न मिनिटं चालला. मूळ भाग एकेचाळीस मिनिटं दहा सेकंदांचा आहे. त्यातली आईनं दोन मिनिटं चाळीस सेकंद पाहिली आहेत.